घर बघायला वैशाखात या

श्रावणातल्या एखाद्या रविवारी भोकरदनहून धावड्याच्या बाजूला निघालात, की गाडी दोन-तीनदा तरी थांबवावी लागते. डोंगर हिरवेगार, ओहोळ वाहते, मिरचीच्या रानात बाया खुरपायला बसलेल्या, आणि जाळीच्या देवाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ढग खाली टेकलेले. मग गाडीतलं कुणीतरी म्हणतं, "इथं एक छोटंसं घर असावं राव." पुढच्या गावात चहा पिताना हॉटेलवाला सांगतो, की गावात एक घर निघालंय विकायला, पोरं तिकडं वाळूजलाच राहिली. घर बघितलं जातं, भाव कळतो, आणि शहरात जेवढ्यात नुसती पार्किंगची जागा येते तेवढ्यात इथं अख्खं घर मिळतंय म्हणून मन हरखून जातं. संध्याकाळपर्यंत इसार दिलेला असतो.

असा इसार देऊन बसलेले तीन-चार जण माझ्या ओळखीचे आहेत. त्यांच्यापैकी एकच आज त्या घरात राहतो. बाकीच्यांचं कुठं पाणी अडलं, कुठं बहिणीची सही अडली, आणि एकाचं तर घरच गायरानावर निघालं. तेव्हा घर घ्यायचंच असेल तर काय काय बघावं, ते जरा सविस्तर सांगतो.

जालना आणि डोंगर हे दोन शब्द एकत्र ऐकले की बाहेरचा माणूस हसतो. त्याच्या डोळ्यासमोर स्टीलचे कारखाने, बियाण्यांच्या कंपन्या, मोसंबी, आणि आता समृद्धी महामार्ग. पण जिल्ह्याच्या उत्तरेला भोकरदन आणि जाफराबाद तालुक्यांत अजिंठ्याची रांग येते. उत्तरेकडे ती तापीच्या खोऱ्यात एकदम तुटते, आपल्या बाजूला मात्र हळूहळू उतरते. पूर्णा, केळणा, जुई या सगळ्या नद्या या उताराच्या. वालसावंगी, धावडा, पारध, पिंपळगाव रेणुकाई ही या अंगाची गावं. सह्याद्रीसारखी दुर्गमता इथं नाही. पण रात्री नऊनंतर गाडी नाही, उन्हाळ्यात पाणी नाही आणि छातीत दुखलं तर जवळ मोठा दवाखाना नाही. राहणाऱ्या माणसाला एवढी दुर्गमता पुरते.

म्हणून पहिलं सांगणं हे, की घर बघायला वैशाखात या. दुपारी दोन वाजता या. विहिरीत डोकावून बघा, पोहऱ्याचा दोर किती लांब आहे ते बघा, टँकर कुठल्या चौकात उभा राहतो ते बघा. गावातला नळ सुटतो तो कितव्या दिवशी, हे सरपंचाला विचारू नका, पाणी भरणाऱ्या बाईला विचारा. जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटरचा आहे. पाटी बहुतेक गावांत लागलेली दिसेल. पाटीखालची तोटी फिरवून बघायला पैसे पडत नाहीत.

डोंगराच्या कडेला पाण्याचं गणित वेगळंच असतं. आपला सगळा खडक बेसॉल्टचा, थरावर थर रचलेला. काळा पाषाण पाणी धरत नाही. पाणी मुरतं ते वरच्या मुरमात, भेगांत आणि भोकं भोकं असलेल्या मांजऱ्या खडकात. सपाटीवर हे मुरलेलं पाणी तिथंच थांबतं. कड्याजवळ मात्र ते थराथराने सरकत जाऊन खाली कुठंतरी झिऱ्याच्या रूपाने बाहेर पडतं. श्रावणात ज्या झऱ्याचा तुम्ही फोटो काढला, तो झरा म्हणजे तुमच्या होणाऱ्या विहिरीतून निघून चाललेलं पाणी. अशा ठिकाणची विहीर शिमग्यापर्यंत तळ दाखवते. "बोअर घेऊ की सहाशे फूट" असं कुणी छातीठोकपणे म्हणालं, तर शेजारच्या किती बोअर कोरड्या गेल्या ते त्याच्याकडूनच मोजून घ्या. शिवाय गावाच्या पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर किंवा बोअर घेता येत नाही, आणि गावठाणातलं घर बहुधा या टप्प्यात येतंच.

मग करायचं काय? छपराचं पाणी साठवायचं. हिशोब साधा आहे. हजार चौरस फुटांचं पत्र्याचं किंवा स्लॅबचं छप्पर म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. या भागात सरासरी साडेसहाशे मिलिमीटर पाऊस धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला असं मानलं, तरी 48 हजार लिटर पाणी हाताशी येतं. चार माणसांना रोज 220 लिटर धरले तर हे पाणी सात महिने पुरावं. अर्थात तेवढी टाकी बांधायला जागा आणि पैसा लागतो, आणि पाऊस दगा देतो त्या वर्षी हा हिशोब निम्म्यावर येतो. तरी टाकी हवीच. घराची किंमत ठरवताना तिचा खर्च त्यातच धरा. दुष्काळी जिल्ह्यात पाणी अडवून गाव उभं राहू शकतं, हे बघायचं असेल तर जालना तालुक्यातल्या कडवंचीला एक चक्कर मारून या. पाणलोटाची कामं आणि शेततळी यांच्या जोरावर त्या गावाने द्राक्षं पिकवली. ज्या गावात घर घेताय त्या गावाच्या डोंगरावर समतल चर दिसतात का, नाल्यावर बंधारे आहेत का आणि त्यातला गाळ कुणी काढतं का, हे बघितलं की गावाचा स्वभाव कळतो.

आता जागेबद्दल. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोनच भाग मानत आले. पांढरी आणि काळी. पांढरीवर वस्ती, काळीवर शेती. हे नुसतं महसुली वर्गीकरण नाही, त्यात बांधकामाचं शहाणपण आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा टाकते, आणि तिच्यावर उभ्या भिंती तिच्याबरोबर हलतात. पांढरी हलत नाही. डोंगराच्या पायथ्याला तर चार हात खोदलं की मुरूम लागतो, पाया स्वस्तात बसतो. म्हणून माझं स्पष्ट मत असं, की बाहेरून येणाऱ्याने गावठाणात घर घ्यावं. रानात, टेकाडावर, लांबून देखावा दिसेल अशा जागी घ्यायचा मोह होतो. तो आवरावा.

याला कायद्याचंही कारण आहे. तुम्ही शेतकरी नसाल तर शेतजमीन तुमच्या नावावर होत नाही. मराठवाड्यात अजून हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम 1950 लागू आहे. शेतकरी असाल तरी तुकडेबंदी आडवी येते. 2023 मध्ये प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असं ठरवलं गेलं, त्याहून लहान तुकडा विकता येत नाही. त्यामुळे "तुम्हाला चार गुंठे कापून देतो, बॉण्डवर लिहून घेऊ" असं जो म्हणतो, तो तुम्हाला घर देत नसतो, भांडण देत असतो. स्टँपपेपरवर नोटरी करून घेतलेल्या कागदाने मालकी येत नाही. नोंदणीकृत खरेदीखताशिवाय जागा तुमची नाही. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक मानायची सोय जमीन महसूल संहितेच्या कलम 42-ड ने केली. पण तहसीलमध्ये आकारणी भरून त्याचा पुरावा हातात पडेपर्यंत ती सोय कागदावरच असते. विकणाऱ्याला सांगा, आधी तो पुरावा काढ, मग बोलू.

गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. तिथं ग्रामपंचायतीचा नमुना 8 असतो, आणि निम्मी फसवणूक इथंच होते. नमुना 8 हा घरपट्टीच्या आकारणीचा उतारा आहे. घरपट्टी कुणी भरायची एवढंच तो सांगतो, घर कुणाचं हे सांगत नाही. अतिक्रमणातल्या घरालाही घरपट्टी लागते, पावती मिळते, वीजमीटरही बसतं. गायरानावरच्या घराचा नमुना 8 दिसायला गावठाणातल्या घराइतकाच चांगला असतो! आणि गायरानावरची अतिक्रमणं काढा असा सर्वोच्च न्यायालयाचा 2011 चा निकाल डोक्यावर टांगलेला असतो. माझ्या ओळखीच्या त्या गृहस्थांनी तेवढा उतारा बघून पैसे दिले होते.

2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने मात्र थोडा उजेड पडला. ड्रोन फिरवून गावठाणांची मोजणी झाली आणि घरांना मालमत्ता पत्रक मिळू लागलं. ज्या गावात हे काम पुरं झालंय, तिथं पत्रकाशिवाय व्यवहार करू नका. पत्रकावरचं क्षेत्र आणि प्रत्यक्ष भिंती एकदा टेपने मोजून बघा. बँकेचं कर्ज काढायचं असेल तर इसार देण्याआधी बँकेतच जाऊन विचारा, कारण नुसत्या नमुना 8 वर बहुतेक बँका दारात उभं करत नाहीत.

जुन्या खरेदीखतांत गट नंबर नसतो, चतुःसीमा असते. पूर्वेस अमुक यांचे घर, पश्चिमेस बोळ, उत्तरेस सरकारी रस्ता, दक्षिणेस बखळ. तो कागद हातात घेऊन जागेवर उभं राहा आणि चारही बाजूंच्या शेजाऱ्यांना एकेक करून बोलवा. उत्तरेच्या सरकारी रस्त्यावर कुणाचा तरी गोठा आलेला असतो. दक्षिणेच्या बखळीवर दोन भावकींचा दावा चालू असतो. तुमच्या छपराची पन्हाळ शेजाऱ्याच्या अंगणात पडते, का त्याची तुमच्या? हसू नका, पन्हाळीच्या पाण्यावरून आपल्याकडे तीन-तीन पिढ्या कोर्टात गेल्यात. वीस वर्षं बिनतक्रार चालत आलेली वहिवाट हक्क होऊन बसते, ती तुम्ही आल्याने थांबत नाही.

सगळ्यांत जास्त व्यवहार अडतात ते वारसांच्या सह्यांवर. नमुना 8 वर थोरल्या भावाचं नाव असतं, कारण बाप गेल्यावर घरपट्टी तोच भरतो. म्हणून घर त्याचं एकट्याचं होत नाही. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात 1994 च्या दुरुस्तीने आला आणि देशभर 2005 मध्ये. 2005 ची दुरुस्ती लागू झाली त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते हा वाद 2020 च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मिटवला. तेव्हा दोघे भाऊ तयार आहेत एवढ्यावर जाऊ नका. बहिणी किती, कुठं दिल्या, हे विचारा.

माझे एक स्नेही, निवृत्त शिक्षक, यांच्या व्यवहारात मी सोबत होतो. घर पाच खणांचं, भाऊ दोन, बहीण एक. ती चिखलीला दिलेली. भाऊ म्हणाले, "ती काय नाही म्हणणार नाही, तुम्ही करा खरेदी." गुरुजी हटून बसले, बहिणीची सही पाहिजे. आम्ही चिखलीला गेलो. चहा झाला, कागद बाहेर काढले. बाई म्हणाली, "सही करते दादा, पैसा नको मला. पण माहेरचं दार बंद होणार, एक डाव बघून येऊ द्या." पुढच्या आठवड्यात ती आली. माजघरातल्या देवळीवर हात फिरवला, तिथली काजळी बोटाला लागली ती पदराला पुसली, आणि दुपारी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत अंगठ्याचा ठसा दिला. गुरुजींनी तिला साडी घेतली. कायद्याने तशी गरज नव्हती, पण गावात जाऊन राहायचं असेल तर ही साडी फार कामाला येते.

मालकीचा तीस वर्षांचा शोध तालुक्याच्या वकिलाकडून काढून घ्या. त्यात एक गोष्ट मुद्दाम बघा. विकणाऱ्याने हे घर स्वतः विकत घेतलं असेल, तर ते खरेदीखत खरं आहे का सावकारीचं? आपल्याकडे अडीनडीला पैसे देताना सावकार तारण म्हणून सरळ खरेदीखतच करून घेतो. मूळ मालक त्याच घरात राहत असतो. 2014 च्या सावकारी नियमन कायद्याखाली अशी मिळकत पंधरा वर्षांच्या आत मूळ मालकाला परत मिळू शकते, आणि मग मधे सापडलेलं गिऱ्हाईक तुम्ही. घराचा ताबा कुणाकडे आहे, आणि तो कुणाला "मालक" म्हणतो, हे ऐकलं की सगळं कळतं.

घराला लागून थोडी शेती घेत असाल, तर सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग 1 आहे का वर्ग 2, ते बघा. वर्ग 2 ला परवानगी लागते. मराठवाड्यात निजामाच्या काळापासूनच्या इनामी जमिनी पुष्कळ. देवस्थानाची, मदतमाशची, खिदमतमाशची जमीन वरून साध्या जमिनीसारखीच दिसते. "इतर हक्क" हा रकाना दोनदा वाचा आणि जुने फेरफार काढा. रस्ता गावनकाशावर आहे का तेही बघा. "आम्ही कायम इथूनच जातो" हा रस्ता नव्हे. खरेदीनंतर फेरफाराची नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस असतात, तेवढे दिवस तलाठ्याच्या कार्यालयाकडे लक्ष असू द्या. नोंदणी फी किमतीच्या एक टक्का, पण 30 हजारांच्या वर नाही. निवासी घर बाईच्या एकटीच्या नावाने घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत 2021 पासून आहे. ती घ्या. घरातही बरं दिसतं.

जुन्या देवळाचं गाव असेल तर आणखी एक चौकशी करा. भोकरदन तालुक्यात आन्व्याचं महादेवाचं देऊळ आहे, कोरीव काम बघत राहावं असं. केंद्र सरकारने संरक्षित केलेल्या कुठल्याही स्मारकापासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम होत नाही, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. खुद्द भोकरदन तर सातवाहन काळातलं भोगवर्धन. उत्खननात तिथं हस्तिदंताची लहानशी स्त्रीमूर्ती निघाली, तिचं इटलीतल्या पॉम्पेईत सापडलेल्या मूर्तीशी साम्य आहे. पाया खोदताना खापरं लागली तर लगेच फेकून देऊ नका, एवढंच.

आता घराकडे वळू. या गावांत विकायला निघतं ते बहुधा माळवदाचं घर. सागाचे खांब, त्यावर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर किलचण, त्यावर पाला, चिखल आणि शेवटी खारी माती. भिंती दगड-मातीच्या, दीड-दोन हात जाड. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर मोजतात ते खणांवर. उन्हाळ्यात असं घर गार राहतं. बाहेर 42 अंश असताना ओसरीवरून माजघरात गेलात की अंगावरचं ओझं उतरल्यासारखं होतं. सिमेंटच्या घरात हे सुख नाही.

पण माळवदाला माणूस लागतो. दर वर्षी पावसाच्या आधी खारी माती टाकायची, पाऊस पडला की वर जाऊन तुडवायची, गवत उगवलं तर उपटायचं. दोन पावसाळे घर बंद राहिलं की तुळयांना वाळवी लागते. बघायला जाल तेव्हा पेचकस घेऊन जा. खांबाच्या बुडाशी आणि तुळई भिंतीत शिरते त्या जागी टोचून बघा. लाकूड भुसभुशीत लागलं तर किंमत तिथेच खाली आणा. आतल्या भिंतींवर पिवळे ओघळ दिसले की वरून पाणी येतंय, आणि नुकताच चुना मारलेला दिसला तर ओघळ लपवलेत असं समजा.

माळवदाचा दुसरा धोका वजनाचा. वर्षानुवर्षं मातीवर माती टाकत गेल्याने डोक्यावर हातभर थर चढतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसं गेली, ती बरीचशी अशाच भिंतींखाली आणि अशाच मातीखाली. गोट्यांच्या, मातीत रचलेल्या भिंती दोन्ही अंगांना फुटल्या. घर ठेवायचं असेल तर जुनी माती उतरवून थर हलका करा, भिंतीत जागोजाग दोन्ही अंगांना बांधणारे लांब दगड घाला, कोपरे बांधून घ्या. हे काम जाणणारा म्हातारा गवंडी पंचक्रोशीत एखादाच उरलाय. आधी तो शोधा, मग घर घ्या. तरुण गवंडी एकच उपाय सांगेल: "पाडा आणि स्लॅब टाका." कधी कधी त्याचं बरोबरही असतं.

पत्र्याचं घर घेणार असाल तर वळवाचं वारं लक्षात ठेवा. डोंगराच्या तोंडाला वैशाखातलं वावधन असं येतं की पत्रे शेजारच्या गल्लीत सापडतात. पत्र्यावर दगड ठेवलेले दिसले, तर त्या घराने एकदा तरी पत्रे गमावलेले आहेत. छपरावर सौरऊर्जा घ्यायचा विचार चांगला आहे, कारण वादळात गेलेली लाइट दोन-दोन दिवस येत नाही. मात्र बॅटरी नसलेली, ग्रीडला जोडलेली सौरयंत्रणा लाइट गेली की बंद पडते, हे विकणारे सांगत नाहीत. 2024 मध्ये आलेल्या सूर्यघर योजनेत 3 किलोवॉटला 78 हजारांपर्यंत अनुदान आहे. माळवदावर मात्र ते सांगाडे बसवू नका, न्हाणीघराला स्लॅब टाकाल त्यावर बसवा.

दवाखान्याचा विचार मनापासून करा, विशेषतः साठी उलटली असेल तर. ग्रामीण रुग्णालयं भोकरदन आणि जाफराबादला. त्यापुढचं काही असेल तर जालना किंवा छत्रपती संभाजीनगर. उत्तरेच्या गावांना बुलढाणा जवळ पडतं, त्यामुळे इथल्या माणसाचं आयुष्य दोन जिल्ह्यांत विभागलेलं असतं: आजारपणाला बुलढाणा, कागदाला भोकरदन. 108 ला फोन लावला तर गाडी येते, पण कुठून येते आणि किती वेळात, ते गावातल्या आशाताईंना विचारून ठेवा. मातीच्या जुन्या घरात मण्यार निघते, रात्री जमिनीवर झोपू नका. सापावरची लस जवळच्या कुठल्या दवाखान्यात असते, तेही पहिल्याच आठवड्यात कळायला हवं.

शाळा, बाजार, मोबाइलची रेंज हे तुमचं तुम्ही बघालच. रेंज मात्र घरात उभं राहून बघा, रस्त्यावर नव्हे. डोंगराच्या कुशीतल्या घराला दोनच कांड्या मिळतात. परसात भाजी लावायची हौस असेल तर रोही आणि रानडुकरं तुमच्या आधीपासून तिथली आहेत, कुंपणाचे पैसे बाजूला काढून ठेवा.

घेण्याआधी महिनाभर त्या गावात भाड्याने राहा. खोली मिळते, कुणीतरी ओसरी देतं. सकाळी पारावर बसा. पहिल्या दिवशी "पाव्हणं कुणीकडचं?" असं विचारतील, आठव्या दिवशी घराची खरी किंमत सांगतील आणि पंधराव्या दिवशी ते घर का विकायला निघालं तेही सांगतील. हे पंधरा दिवस वकिलाच्या शोधाइतकेच मोलाचे. सप्ताहाची वर्गणी मागायला पोरं येतील तेव्हा हात आखडू नका आणि पंगतीत वाढायला उभे राहा. शहरातून आलेला माणूस आधी गेट बसवतो आणि कुत्रा पाळतो. मग रात्री आजारी पडल्यावर त्या गेटमधून आत यायला कुणाचा धीर होत नाही.

शेवटी पैशाचं. जालना–जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने 2024 च्या ऑगस्टमध्ये मंजुरी दिली. तेव्हापासून राजूर-भोकरदनच्या पट्ट्यात प्रत्येक विकणाऱ्याच्या तोंडी "आपल्याकडून रेल्वे चाललीय" हे वाक्य आहे. रेल्वे येईल तेव्हा येईल. तिच्या भरवशावर आज वाढीव भाव देऊ नका, आणि रेल्वे खरंच त्या गटातून जाणार असेल तर संपादनात जाणारी जमीन तुम्ही घर बांधायला घेताय, हेही बघा. डोंगराकडच्या गावातलं घर पुन्हा विकायला काढलं तर गिऱ्हाईक मिळायला वर्षं जातात. नफ्यासाठी घेणार असाल तर जालन्यात प्लॉट घ्या. राहणार असाल, वर्षातले निदान आठ महिने खरंच राहणार असाल, तरच इथलं घर घ्या.